मसाकाच्या केळबागांतील आज्या

युगांडाची राजधानी कंपाला सोडून नैर्ऋत्येकडे निघाले की सुमारे १३० किलोमीटरांवर मसाका हे शहर लागते. वाटेत कायाब्वे येथे विषुववृत्त ओलांडावे लागते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरी वर्तुळे उभारलेली आहेत, आणि एक पाय उत्तर गोलार्धात व दुसरा दक्षिण गोलार्धात ठेवून छायाचित्र काढून घेतल्याशिवाय सहसा कोणी पुढे जात नाही. मीही काढून घेतले. पुढे दलदलीतील पपायरसची बेटे मागे पडतात, कोकणातील जांभ्याची आठवण करून देणारी तांबडी माती सुरू होते, आणि मग दृष्टी जाईल तिकडे केळीच केळी. ही केळी पिकवून खाण्याची नव्हेत. हिरवी असतानाच सोलून, केळीच्या पानांत बांधून ती वाफवतात आणि मळून त्यांचा मऊ पिवळा गोळा करतात. हेच येथील मुख्य अन्न, 'मातोके'. त्याबरोबर भुईमुगाची दाट आमटी असते. दात नसलेल्या वृद्धालाही हे जेवण सहज जाते, हे वैद्य म्हणून मी लगेच टिपून ठेवले.

याच बागांत घरातील माणसांच्या कबरी असतात. गांडा लोक आपल्या माणसाला कुटुंबाच्या जमिनीतच पुरतात. ज्या आजीच्या घरी मी पहिल्या दिवशी गेलो, तिच्या घरामागे चार कबरी होत्या. त्यांपैकी एक नवऱ्याची आणि तीन मुलांच्या.

कंपालात स्थायिक झालेल्या एका वर्गमित्रामुळे मला एका ख्रिस्ती संस्थेच्या गृहभेटीच्या गाडीतून सहा दिवस हिंडता आले. या भागाचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगणे अवश्य आहे. मसाकाच्या दक्षिणेस व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी कासेनसेरो नावाचे कोळ्यांचे गाव आहे. १९८२ च्या सुमारास तेथे माणसे झिजून मरू लागली. लोकांनी या आजाराला 'स्लिम', म्हणजे बारीक करणारा, असे नाव दिले, आणि १९८५ साली त्याच नावाने त्याचे वर्णन 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तो एड्स होता. १९७९ च्या युद्धात मसाका शहर उद्ध्वस्त झाले होते, त्यानंतरची यादवी १९८६ पर्यंत चालली, आणि त्यातून सावरण्याआधीच हे संकट कोसळले. मेले ते बहुतेक तरुण आईबाप. मागे उरली ती लेकरे आणि म्हातारी माणसे.

मसाकाजवळ कितोवू येथे कॅथलिक रुग्णालय आहे. १९८७ साली तेथील आयरिश परिचारिका-जोगीण सिस्टर अर्सुला शार्प यांनी रुग्णांच्या घरी जाऊन शुश्रूषा करण्याचे काम सुरू केले. त्या काळी औषध नव्हते. वेदना कमी करणे, जखमा धुणे आणि जवळ बसणे एवढेच हाती होते. पण घरोघर जाऊ लागल्यावर जे दिसले त्याने कामाची दिशा वाढत गेली. रुग्ण गेला तरी घर उरतेच, आणि त्या घरात विधवा असते, शाळा सुटलेली मुले असतात. त्यातून पुढे 'फिरत्या शेतीशाळा' निघाल्या. शाळेबाहेर पडलेल्या पोरक्या मुलामुलींना शेती शिकवायची, आणि तीही त्यांच्या गावाकडे जाऊन, कारण बापाबरोबर शेतीचे ज्ञानही गेलेले असते. केळीला खत केव्हा घालावे हे बारा वर्षांच्या मुलाला कोण सांगणार?

बायबलमधील याकोबाच्या पत्रात अनाथ आणि विधवा यांची त्यांच्या दुःखात भेट घेणे हा खरा धर्म मानला आहे. भेट घेणे, या शब्दांवर मी तेथे पुष्कळ विचार केला. आपल्याकडे ख्रिस्ती सेवाकार्य म्हटले की केडगावचे पंडिता रमाबाईंचे मुक्ती सदन आठवते. तेथे सदनाची गरज होती, कारण त्या विधवांना आणि दुष्काळातील मुलींना राहायला घरच उरले नव्हते. मसाकाच्या मुलांना मात्र घर होते, जमीन होती, आजी होती. अशा मुलाला तेथून उचलून अनाथाश्रमाच्या खाटेवर निजवणे मला अन्यायाचे वाटते. परदेशी पाहुण्यांनी आठवडाभर येऊन मुलांना कडेवर घेऊन छायाचित्रे काढावीत असे आश्रम आफ्रिकेत पुष्कळ निघाले. त्यांचा हेतू चांगला असेलही, पण मुलाला हवे असते ते कायमचे माणूस. निरोध वापरण्याविषयी कॅथलिक चर्चने घेतलेली भूमिकाही मला डॉक्टर म्हणून कधी पटली नाही, हेही सांगून टाकतो. गृहभेटींचे मोल त्याने कमी होत नाही.

विधवांचा प्रश्न वेगळा आणि अधिक कडवट आहे. नवरा गेला की दीर आणि नातलग जमिनीवर, कधी भांड्याकुंड्यांवरही हक्क सांगत येतात. मृत्युपत्र नसेल तर जुन्या वारसा कायद्याने विधवेच्या वाट्याला १५ टक्केच येत. २०२२ च्या दुरुस्तीने हा वाटा २० टक्के झाला, पण कायदा गावात पोचायला वेळ लागतो. आमच्या गाडीतील परिचारिका सांगत होती, "आम्ही रुग्णाचा ताप पाहतो आणि त्याच भेटीत विचारतो, मृत्युपत्र केलेत का?" वाचकहो, आपल्यातील कितीजणांना कुटुंबाच्या डॉक्टरने हा प्रश्न विचारला आहे? मी तो आता विचारू लागलो आहे.

आता त्या पहिल्या घराकडे वळतो. लुगांडा भाषेत आजीला 'जाज्जा' म्हणतात. या जाज्जांचे वय चौऱ्याहत्तर. मी आत जाताच त्या गुडघे टेकून स्वागताला बसल्या. गांडा स्त्रियांची ती रीत आहे. त्यांचे दोन्ही गुडघे संधिवाताने सुजलेले मला दिसत होते. मी त्यांना उठवायला वाकलो तेव्हा परिचारिका हलकेच म्हणाली, "राहू द्या डॉक्टर, त्यांना अपमान वाटेल."

घरात सतरा वर्षांचा नातू होता. जन्मतःच एचआयव्हीबाधित, आईवडील दोघेही गेलेले. रोज एक गोळी, आणि ती चुकता कामा नये. जाज्जांना वाचता येत नाही. रेडिओवरील रात्रीच्या बातम्या सुरू झाल्या की गोळी, हा त्यांचा नेम. डबीवर 'भारतात निर्मित' असे छापलेले पाहून मला समाधान वाटले. ज्या उपचाराला वर्षाला दहा हजार डॉलरांहून अधिक लागत, तो फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने एका मदतसंस्थेला वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केला होता. अशा आज्यांच्या घरांपर्यंत गोळी पोचली त्यामागे ती घटना आहे. मात्र २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत रोखल्यापासून ही डबी पुढेही येत राहील ना, ही काळजी येथे प्रत्येक घरात ऐकू येते.

परिचारिकेने गोळ्या मोजल्या. हिशेबापेक्षा नऊ जास्त निघाल्या. मुलगा मान खाली घालून उभा होता. या वयातील मुले औषध टाळतात. मित्रांसमोर आपण वेगळे दिसू नये असे त्यांना वाटते, रोजच्या गोळीचा राग येतो. ती रागावली नाही. जाज्जांकडे वळून तिने विचारले, "तुम्ही जेवता का? झोप लागते का? तुमची स्वतःची गोळी घेतलीत का?" जाज्जा हसल्या. त्यांचा रक्तदाब मी मोजला तो १९०/१०४. सरकारी केंद्रातील गोळ्या संपल्या होत्या, दुकानातून आणायच्या तर पैसे लागतात, आणि ते वह्यांना व गणवेशाला गेले होते. युगांडात सरकारी प्राथमिक शाळा १९९७ पासून मोफत आहेत, पण वही, गणवेश आणि दुपारचे जेवण मोफत नसते.

ही गोष्ट आफ्रिकेचीच आहे असे समजू नका. माझ्या दवाखान्यात पक्षाघात झालेल्या पतीला घेऊन येणाऱ्या आजींना "तुमचा रक्तदाब शेवटचा कधी पाहिला?" असे विचारले की त्याही अशाच हसतात. उच्च रक्तदाब दुखत नाही, म्हणून तो मागे ठेवता येतो. पण जाज्जांना पक्षाघात झाला असता तर त्या मुलाला रेडिओच्या वेळी हाक मारणारे कोणी नव्हते. त्याच्या उपचारातील सर्वांत नाजूक दुवा त्या स्वतः होत्या, आणि हे परिचारिकेला माझ्याआधी कळले होते.

मी तेथे पाहुणा. औषध लिहून देण्याचा अधिकार मला नव्हता. तिने आपल्या पेटीतून महिनाभराच्या अ‍ॅम्लोडिपिनच्या गोळ्या काढल्या, पण त्या जाज्जांच्या हाती न देता नातवाच्या हाती ठेवल्या. रात्री बातम्या लागल्या की त्याने आजीला तिची गोळी द्यायची, आजीने त्याला त्याची, आणि एकमेकांनी गिळलेली पाहायची. मुलगा प्रथमच वर पाहून म्हणाला, "आणि ती विसरली तर?"

"मग तू मला सांगायचेस," असे म्हणून परिचारिकेने वहीत दोन रकाने आखले. जाज्जांनी निघताना केळीचा घड गाडीत ठेवला. त्या दिवशी अजून चार घरे बाकी होती.