तीन पट्टे, एक नदी

घराचं रिनोव्हेशन काढलं आणि पहिलाच प्रश्न आला, आजोबांच्या त्या चित्राचं काय करायचं?

चित्र म्हणजे छोटंसं वॉटरकलर. खाली काळा पट्टा, मध्ये राखाडी, वर मळकट पिवळा. बस्स! ना झाड, ना माणूस. मागे पेन्सिलीने लिहिलेलं : 'नरसी, कयाधूकाठ, मे १९७३'. आजोबा ड्रॉइंगचे मास्तर. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या पोरांकडून पानाची शीर न् शीर काढून घेणारे. त्यामुळे मला कायम वाटायचं, हे अर्धवटच राहिलंय. आई म्हणाली, "ठेवायचं तर कारण सांग."

मग काय, एका वीकेंडला हिंगोली गाठलं आणि तिथून एसटीने नरसी नामदेव. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून ओळखलं जाणारं गाव. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, त्यामुळे शीख भाविकही इथे आवर्जून येतात. दर्शन घेतलं आणि सरळ नदीवर गेले.

साठेक फोटो काढले. विजेच्या तारा, म्हशी, वाळत घातलेल्या साड्या, सगळं आलं. चित्र मात्र कुठेच नाही! शेवटी मोबाइल पर्समध्ये टाकला आणि डोळे किलकिले करून पाहिलं. ही आजोबांचीच ट्रिक. बारकावे विरले. उरली काळी जमीन, पाणी, उजेड. तीन पट्टे!

मुंबईचे चित्रकार अकबर पदमसी १९७०च्या सुमारास 'मेटास्केप' रंगवू लागले. त्यात जमीन, पाणी, सूर्य, चंद्र सगळं असतं, पण जागा अमुकच अशी नसते. आजोबांनी उलटा हिशोब केला होता. तपशील सगळे गाळले, जागा तेवढी ठेवली.

काठावर एक आजोबा बसले होते. त्यांना मोबाइलवर चित्र दाखवलं.

"साल कोणतं?"

"त्र्याहत्तर."

"मग हे पाणी नव्हं, ताई. दुष्काळ होता. नुसती वाळू व्हती."

आमचे आजोबा त्याच उन्हाळ्यात गाव सोडून शहरात आले. त्याबद्दल कधी चकार शब्द बोलले नाहीत.

घरी येऊन आईला एवढंच सांगितलं, "मधला पट्टा पाणी नाहीये, वाळू आहे." ती बराच वेळ चित्रासमोर उभी राहिली. मग म्हणाली, "हॉलमध्ये लाव."

तुम्ही नरसीला गेलात तर संध्याकाळी नदीवर जा. पहिली दहा मिनिटं कॅमेरा बॅगेतच राहू द्या.