पडद्यावरचे गुरू

गुरू कोठे, केव्हा आणि कोणत्या रूपाने भेटेल, याचा काही नेम नसतो. भागवतातील अवधूताने चोवीस गुरू केले होते. त्यांत पृथ्वी होती, वारा होता, कबुतर होते, मधमाशी होती. इतकेच काय, अजगरदेखील होता. अवधूताच्या काळी दूरचित्रवाणी असती, तर त्याच्या यादीत एका मांजराची, एका उंदराची आणि एका सदा उपाशी कायोटीची भर खात्रीने पडली असती.

कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात राहणाऱ्या दहा वर्षांच्या एका मुलाला मात्र हे गुरू घरबसल्या भेटले. ही गोष्ट १९९८ सालची. कार्टून नेटवर्क ही वाहिनी भारतात १९९५ साली सुरू झाली होती आणि एव्हाना केबलच्या तारेवरून ती लहान गावांतील घरांतही येऊन पोहोचली होती. शाळा सुटली, की मुलगा दप्तर खुंटीला अडकवी, आजीने दिलेली गूळ-शेंगदाण्यांची वाटी मांडीवर घेई आणि गुरुगृही हजर होई. घरातील वडीलधाऱ्या मंडळींच्या मते हा वेळेचा अपव्यय होता. मुलाच्या मते तो अभ्यास होता. दोन्ही पक्षांचे थोडेथोडे खरे होते.

त्याचा पहिला गुरू म्हणजे पोपाय नावाचा खलाशी. ई. सी. सेगर या अमेरिकन चित्रकाराने १९२९ साली त्याला वर्तमानपत्रातील चित्रमालिकेत आणले आणि १९३३ पासून तो पडद्यावर वावरू लागला. संकट ओढवले, की हा गडी पालकाचा डबा फोडून तोंडात रिकामा करी आणि त्याचे दंड तत्काळ टरारून फुगत. मुलाला पालकाचे नाव काढले तरी शहारे येत. पण त्या दिवशी त्याने पालकाची पातळ भाजी दोन वाट्या भरून खाल्ली आणि हात धुऊन तो थेट अंगणातील दगडी रगडा उचलायला गेला. रगडा जागचा हलला नाही. मुलगाच तेवढा मागच्या मागे बसला.

"अरे, भाजीला पोटात उतरायला तरी वेळ देशील की नाही?" ओसरीवरून आजी म्हणाली.

बळ एका जेवणात येत नाही, ते रोजच्या जेवणात हळूहळू साठत जाते, हा धडा त्याला तेथे मिळाला. आईने मात्र या प्रसंगावर काहीच भाष्य केले नाही. मुलगा पालक मागून घेत होता, तोवर तिने मौन पाळणेच पसंत केले.

दुसरा गुरू स्कूबी-डू. हा १९६९ साली पडद्यावर आलेला एक धिप्पाड, पण अत्यंत भित्रा कुत्रा. त्याच्याबरोबर चार तरुण मित्र असत आणि जेथे भुताटकीची आवई उठे, तेथे ही मंडळी जात. पाठलाग होई, किंकाळ्या फुटत आणि अखेरीस भुताच्या तोंडावरचा मुखवटा ओढून काढला, की आतून कोणी तरी लोभी माणूस निघे. मुलाच्या घरामागे एक जुनी चिंच होती. तिच्यावर भूत आहे, याविषयी आळीत कोणाला शंका नव्हती. एके रात्री त्या चिंचेवर खरोखरच काही तरी पांढरे हलताना दिसले. मुलाचे पाय लटपटू लागले. पण स्कूबीही घाबरतो आणि तरीही भुतापर्यंत जाऊन पोहोचतो, हे त्याला आठवले. हातात बॅटरी घेऊन तो चिंचेपाशी गेला. शेजारच्या आजोबांचे वाळत घातलेले धोतर वाऱ्याने उडून फांदीला अडकले होते. मुलाने काठीने ते खाली ओढले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भुताची व्यवस्थित घडी घालून ते आजोबांच्या स्वाधीन केले. भय दुरून जेवढे दिसते, तेवढे ते जवळून नसते, एवढे त्याला त्या रात्री समजले.

तिसरे गुरू म्हणजे टॉम आणि जेरी. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी १९४० साली जन्माला घातलेल्या या मांजर-उंदरांनी पुढे सात ऑस्कर पारितोषिके मिळवली. ही दोघे सहसा बोलत नाहीत. त्यामुळे इंग्रजीचा गंध नसलेल्या आजीलाही त्यांची प्रत्येक खोडी समजे. ती पदर तोंडाला लावून हसे आणि नेहमी जेरीचा पक्ष घेई. "पळ रे बाबा, पळ!" असे ती त्या उंदराला मराठीतून सांगे आणि तो निसटला, की सुटकेचा निःश्वास टाके. मग उठून ती कोठीच्या खोलीत जाई आणि भाकरीचा तुकडा अडकवून उंदरांचा सापळा लावी!

"आजी, तू तर उंदराच्या बाजूची ना?" मुलाने एकदा विचारले.

"तो दुसऱ्याच्या घरचा उंदीर आहे. हा माझे तांदूळ खातो," आजी शांतपणे म्हणाली.

न्यायाची बाजू घेणे सोपे असते. पण धान्य आपले असले, म्हणजे तराजू थोडा कलतो. हा धडा शिकवण्यात जेरीपेक्षा आजीचा वाटा मोठा होता, हे मान्य केले पाहिजे.

परंतु या सर्वांहून श्रेष्ठ गुरू होता तो कायोटी. कायोटी हा उत्तर अमेरिकेतील, कोल्ह्या-लांडग्यांच्या कुळातला प्राणी. रोडरनर हा तेथलाच एक पक्षी. नात्याने तो आपल्या कोकिळेच्या कुळातला. पण त्याला उडण्यापेक्षा धावणे अधिक प्रिय. दिग्दर्शक चक जोन्स आणि लेखक मायकेल मॉल्टीज यांनी १९४९ साली ही जोडी पडद्यावर आणली. तिची कथा एका ओळीत सांगता येते. कायोटीला रोडरनर खायचा आहे आणि रोडरनर कधीही त्याच्या हाती लागत नाही. त्यासाठी कायोटी अ‍ॅकमी नावाच्या एका काल्पनिक कंपनीकडून पेट्यांमागून पेट्या मागवतो. एका पेटीतून अग्निबाण निघतो, दुसरीतून प्रचंड चुंबक, तिसरीतून स्प्रिंगचे बूट. प्रत्येक वस्तू अखेर त्याच्यावरच उलटते. मौज अशी, की खऱ्या वाळवंटातील कायोटी रोडरनरच्या जवळजवळ दुप्पट वेगाने धावू शकतो. पडद्यावरच्या कायोटीला मात्र पायांपेक्षा पेट्यांचा भरवसा अधिक!

या कायोटीची एक लकब मुलाच्या मनात पक्की ठसली होती. धावता धावता कडा संपला, तरी कायोटी पडत नसे. तो हवेतून तसाच पुढे चालत जाई. मग तो थबके, खाली पाही आणि पाहताक्षणीच दरीत कोसळे. मुलाने यावरून असा सिद्धान्त काढला, की पडण्याचे कारण खाली पाहणे हेच होय. जो खाली पाहणार नाही, तो पडणार नाही. सिद्धान्त तपासून पाहण्यासाठी तो एका रविवारी दुपारी गोठ्याच्या छपरावर चढला. खबरदारी म्हणून त्याने आजोबांची काळी छत्री उघडून हाती घेतली होती. त्याने डोळे गच्च मिटले आणि उडी मारली.

छत्री तत्क्षणी उलटी झाली. दोन मीटर उंचीवरून पडायला पाऊण सेकंददेखील लागत नाही. तेवढ्या अवधीत सिद्धान्त बदलणेही शक्य नसते. मुलाचा डावा हात कोपराखाली मोडला.

"कोणी सांगितले रे तुला उडी मारायला?" प्लास्टर घालता घालता डॉक्टरांनी विचारले.

"कोणीच नाही, डॉक्टरकाका," मुलगा हुंदके देत म्हणाला, "पण मी खाली पाहिले नव्हते, तरी पडलो!"

डॉक्टरांना या तक्रारीवर औषध सुचले नाही. त्यांनी सहा आठवडे हात गळ्यात बांधून ठेवण्यास सांगितले. घरी आल्यावर आजीने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती म्हणाली, "अरे, त्याचे हाड शाईने जुळते. तुझे हाड जुळायला महिना-दीड महिना दम धरावा लागेल."

आजी नकळत चित्रकलेचे मर्म बोलून गेली होती. शाळेतील चित्रकलेच्या गुरुजींनी ते मुलाला नीट समजावून सांगितले. चित्रपटाच्या फितीवर एका सेकंदात चोवीस चौकटी सरकतात. हाताने काढलेल्या हलत्या चित्रांत पुष्कळदा एकच चित्र दोन चौकटींपुरते वापरतात. म्हणजे एका सेकंदासाठी बारा चित्रे लागतात. सात मिनिटांच्या चित्रपटात दहा हजारांहून अधिक चौकटी असतात. कायोटीचा चेंदामेंदा झाला, तरी पुढच्या चित्रात चित्रकार त्याला नवे हातपाय देतो. माणसाला अशी सोय नाही.

मुलाचा उजवा हात मोकळा होता. त्याने एका जुन्या वहीच्या कोपऱ्यांत कड्यावरून पडणाऱ्या कायोटीची तीस चित्रे काढली. त्याला तीन संध्याकाळी लागल्या. अंगठ्याने पाने भराभर सोडली, तेव्हा कायोटी अडीच सेकंदांत पडला. मग त्याला पुन्हा उभा करण्यासाठी मुलाने आणखी चित्रे काढायला घेतली आणि त्याच्या ध्यानात आले, की पाडणे सोपे गेले होते. उठवणे अवघड जात होते. आधी कोणता हात टेकावा, कोणता गुडघा वळवावा, याचा प्रत्येक पानावर वेगळा विचार करावा लागत होता.

याच दिवसांत घरात एक गोष्ट घडली. मुलाचे वडील उद्योगी गृहस्थ होते. पण यश त्यांना सतत हुलकावणी देत आले होते. त्यांनी प्रथम टंकलेखनाचा वर्ग काढला. गावात संगणक आले आणि वर्ग ओस पडला. मग त्यांनी कोंबड्या पाळल्या. राणीखेत रोगाच्या साथीत खुराडी रिकामी झाली. त्यानंतर त्यांनी कर्ज काढून बर्फाच्या लाद्यांचा छोटा कारखाना घातला. पण वीज वेळी-अवेळी जाई आणि तयार होत आलेला बर्फ पाणी होऊन वाहून जाई. त्या दिवशी कारखान्याचे यंत्र विकले गेले होते.

संध्याकाळी बाबा घरी आले आणि काही न बोलता मुलाशेजारी सतरंजीवर बसले. पडद्यावर कायोटी एक भली मोठी लाकडी पेटी उघडत होता. मुलाला हसू येत होते. पण बाबांच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने ते गिळले. तीनदा पेटी मागवणारा आणि तीनदा पडणारा कोणी तरी आपल्याच घरात आहे, हे त्याला एकाएकी जाणवले. आपण इतके दिवस कशाला हसत होतो, असे त्याला वाटून गेले. वाहिनी बदलावी, म्हणून त्याने हात पुढे केला.

"राहू दे," बाबा म्हणाले.

कायोटी अग्निबाणावर स्वार झाला. अग्निबाण पुढे न जाता सरळ वर गेला आणि वरच्या खडकावर आदळला. आणि बाबा हसले. कित्येक दिवसांत ते असे हसले नव्हते. हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"हा पुन्हा उठणार बघ," ते म्हणाले.

"पण बाबा, तो रोज उठतो आणि रोज पडतो," मुलगा भीतभीत म्हणाला.

"कारण पेटी बदलण्यापलीकडे तो काही करत नाही. कशाने पडलो, ते एकदा तरी लिहून काढतो का तो?"

चक जोन्स यांनी या मालिकेसाठी जे नियम लिहून ठेवले आहेत, त्यांत एक असा आहे, की कायोटीला इजा होते ती त्याच्या स्वतःच्या चुकीमुळे किंवा अ‍ॅकमीच्या मालामुळेच. बाबांना तो नियम ठाऊक नव्हता. पण त्या रात्री कंदिलाएवढ्या मंद दिव्याखाली त्यांनी एक कोरी वही उघडली आणि लिहिले :

'१. वीज रोज किती तास जाते, याची आधी चौकशी केली नाही. २. उन्हाळ्यातील खपावरून वर्षाचा हिशेब मांडला. ३. उधारी वेळेवर वसूल केली नाही.'

सकाळी ती वही मेजावर उघडीच होती. मुलाने ती वाचली. मग प्लास्टरातील हाताने पान दाबून धरून त्याने उजव्या हाताने, शिसपेन्सिलीने खाली एक ओळ लिहिली :

'४. पाऊल टाकण्यापूर्वी खाली पाहिले नाही.'

सिद्धान्त तोच होता. फक्त तो आता सरळ झाला होता. कायोटी पडतो तो खाली पाहिल्यामुळे नव्हे. तो फार उशिरा पाहतो, म्हणून पडतो.

बाबांनी ती ओळ वाचली. ती कोणाची आहे, हे त्यांनी विचारले नाही. आणि ती खोडलीही नाही. पुढे वर्षभराने त्यांनी शाळेसमोर वह्या-पुस्तकांचे लहानसे दुकान काढले. दुकान घेण्यापूर्वी त्यांनी शाळेतील मुलांची संख्या विचारली, भाडे मोजले आणि उधारीला नम्र नकार देणारी पाटी आधीच रंगवून घेतली. ते दुकान काही फार मोठे झाले नाही. पण ते पडलेही नाही.

उद्घाटनाच्या दिवशी पाऊस भुरभुरत होता. मुलगा आजोबांची दुरुस्त केलेली काळी छत्री घेऊन दुकानाच्या पायऱ्या उतरत होता. शेवटच्या पायरीवर तो क्षणभर थांबला आणि त्याने आधी खाली पाहिले.