एक्सलला दोरी

ज्या घराची चूल एका ट्रकवर पेटते, त्या घरातल्या बायकापोरांनाही कमान, पाटा, बुश हे शब्द पाठ होतात. आमचे घर नवापूरचे. इथल्या रेल्वे स्टेशनाचा काही भाग महाराष्ट्रात, काही गुजरातेत. तसाच आमचा धंदाही. गाडी सुरतेकडून कापड भरते आणि बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर करत कोंडाईबारी घाट चढून धुळ्याकडे जाते. २०१० साली महामार्गांचे क्रमांक बदलले तेव्हा ६ नंबरचा हा रस्ता ५३ झाला आणि पलसाण्याला तो ज्या मुंबई-अहमदाबाद रस्त्याला छेदतो, तो ८ चा ४८ झाला. जुने ड्रायव्हर मात्र अजून जुनेच आकडे बोलतात.

या पलसाणा चौकडीच्या आसपास एकदा आमच्या सहाचाकी गाडीच्या मागच्या उजव्या कमानीचा मुख्य पाटा तुटला. गाडी रिकामी होती, हे नशीब. गाडी धाकटा भाऊ चालवतो, मी सोबत होतो. रस्त्याकडेच्या एका गॅरेजात कमान उतरवली, नवा पाटा घातला, यू-बोल्ट आवळले. दुपार झाली होती. माल भरायची वेळ ठरलेली, व्यापाऱ्याचे फोनवर फोन. भाऊ केबिनमध्ये चढलासुद्धा. तेवढ्यात गॅरेजमधला वयस्कर मिस्त्री ओळंबा आणि खडू घेऊन आला. माणूस खानदेशचा. म्हणाला, "भाऊ, गाडी सरळ शे का, ते डोया सांगत नही, दोरी सांगस."

भावाच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण तो खाली उतरला.

मागचा एक्सल चेसीला थेट जोडलेला नसतो, तो कमानींनी धरलेला असतो. कमानीचे पुढचे टोक पिनेने पक्के असते. मागचे टोक हलते ठेवलेले असते, कारण वजन पडले की कमान सपाट होऊन लांबते. पाट्यांमधून जाणाऱ्या सेंटर बोल्टाचे डोके एक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसते. एक्सल पुढेमागे कुठे बसायचा, हे ते डोके ठरवते. यू-बोल्ट फक्त आवळून धरतात. डोके नीट बसले नाही, किंवा पिनेचा बुश झिजला, की एक्सलचे एक टोक मागे राहते.

मिस्त्रीने सपाट फरशीवर गाडी थोडी पुढे घेऊन सरळ उभी करायला लावली, म्हणजे कमानी आपापल्या जागी बसतात. चेसीवर दोन्ही बाजूंना सारख्या जागी असलेल्या खुणांवरून ओळंबा सोडला, मग मागच्या दोन्ही हबच्या मध्यावरून. जमिनीवर खडूच्या चार खुणा झाल्या. गाडी बाजूला घेतली आणि टेप लावला. आधी डावी बाजू, उजवी बाजू, मग दोन्ही कर्ण. घराचा पाया आखताना गवंडी कर्ण मोजून काटकोन पाहतो, तेच हे. दोन्ही बाजू सारख्या नसतील तर एक्सल तिरका. बाजू सारख्या आणि कर्ण वेगळे असतील तर एक्सल आडवा सरकलेला.

उजवी बाजू १० मिलिमीटर जास्त भरली. भाऊ म्हणाला, "बोटभरसुद्धा नाही!" मिस्त्रीने हिशेब सांगितला. दोन मीटर रुंदीत १० मिलिमीटर म्हणजे २०० ला १. शंभर मीटर चाललो की चाके अर्धा मीटर बाजूला न्यायला बघतात. सहाचाकीत ड्रायव्हर स्टिअरिंग किंचित वळते धरून ही ओढ भरून काढतो, म्हणून गाडी कुत्र्यासारखी तिरकी चालते. दहाचाकीत मागचे दोन एक्सल एकमेकांशी भांडतात आणि टायर फरफटतात. अशा वेळी पुष्कळ जण पुढच्या चाकांची अलाइनमेंट करून घेतात. पैसे जातात, रोग मागेच राहतो.

यू-बोल्ट पुन्हा सोडले. बैठकीच्या भोकात गंज आणि चिखल घट्ट बसला होता, त्यामुळे बोल्टाचे डोके अर्धवटच शिरले होते. ते खरवडून साफ केले, कमान बसवली आणि यू-बोल्ट आलटून पालटून, समोरासमोरचे नट घेत आवळले. दुसऱ्यांदा मोजले तर फरक २ मिलिमीटर. मिस्त्रीने मान हलवली. दीड तास गेला होता, आणि त्या दिवशीचा माल दुसऱ्या गाडीला मिळाला. भाऊ व्याऱ्यापर्यंत गप्पच होता.

भाडे बुडाल्याचे मलाही वाईट वाटले. गाडीचा हप्ता कुणासाठी थांबत नाही. पण भरलेली गाडी घेऊन कोंडाईबारीची वळणे उतरताना स्टिअरिंग एका बाजूला धरून बसायचे, समोरून लक्झरी येते आहे, आणि आपल्या गाडीचा मागचा भाग पुढच्या चाकांच्या मागावर नाही, हे चित्र डोळ्यांपुढे आणले की बुडालेले भाडे मोठे वाटत नाही. भाऊ त्याच घाटातून आठवड्यातून तीनदा जातो. त्याच्या दोन मुली शाळेत आहेत.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी गाडी आहे, त्यांनी कमानीचे काम झाल्यावर एवढे जरूर करावे. गॅरेज सोडण्याआधी दोन्ही बाजू आणि कर्ण मोजून घ्या. किती फरक चालतो, हे आपल्या गाडीच्या कंपनीच्या पुस्तकात पाहा. पहिला भरलेला फेरा झाला की यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या, कारण वजनाखाली नवे पाटे बसतात आणि नट ढिले पडतात. आमच्या गाडीत आता ओळंबा, दोरी आणि खडू टूलबॉक्समध्येच असतात. भावाने स्वतःच आणून ठेवले आहेत.