नदीकांठची गिरण

रोह्यास कुंडलिकेच्या कांठीं, पलीकडच्या तीरावर अष्टमी दिसते अशा ठिकाणीं, एक ओसाड जागा आहे. दीड भिंत उभी, सभोंवार झुडपांचें रान, आणि मध्यें इंजिन बसविण्यासाठीं बांधलेला दगडी चौथरा. गेल्या मार्गशीर्षांत आम्ही नातवास घेऊन तिकडे फिरावयास गेलों असतां त्यानें चौथऱ्याकडे बोट दाखवून विचारलें, “आजोबा, येथें देऊळ होतें का?” “नाहीं बाळ, येथें भाताची गिरण होती,” असें आम्हीं सांगितलें. तो थोडा हिरमुसला. आम्हांस मात्र त्या रात्रीं झोंप लागली नाहीं. त्या गिरणीशीं आमच्या घराचें एक जुनें देणें गुंतलेलें आहे, आणि तें फेडण्याचा काळ केव्हांच निघून गेला आहे.

आमचा हा जिल्हा भाताचा. १९८१ सालीं त्याचें कुलाबा हें नांव जाऊन रायगड झालें, तरी शेत तेंच राहिलें. पेण-रोह्याकडील खारेपाटांत बांध घालून समुद्राचें पाणी अडवावयाचें आणि आंत भात पिकवावयाचें, हा येथील शेतकऱ्यांचा पिढीजात झगडा. रस्ते नव्हते तेव्हां सारा माल पाण्यानें जाई. पेणकरांचें बंदर अंतोऱ्यास. रोहेकरांकडे होड्या भरती साधून रेवदंड्याच्या खाडींतून वर येत. गिरण्या नदीकांठीं कां उभ्या राहिल्या, ह्याचें उत्तर ह्यांतच आहे. धान्य होडींतून जवळपास दारींच उतरे, आणि इंजिन थंड ठेवण्यास पाणी हाताशीं असे. १९२७ सालीं भिऱ्याचें वीजघर सुरू झाल्यावर तर मुळशीच्या धरणाचें पाणी घांटाखालीं उतरून कुंडलिकेस मिळूं लागलें, आणि नदी उन्हाळ्यांतही वाहती राहिली.

ह्या गिरण्यांत हलर नांवाचें यंत्र असे. मूळ कल्पना ब्राझील देशांतील एंगेलबर्ग नामक गृहस्थाची, १८८५ च्या सुमाराची. छिद्रांच्या पत्र्याच्या पिंजऱ्यांत खांचांचा लोखंडी रूळ फिरतो व त्यांत भात घांसलें जातें. १०० किलो भातांत सुमारें २० किलो तूस. कोंडा वजा जातां तांदूळ ६५ ते ७० किलो. पण हलरमधून तूस व कोंडा एकत्र चुरडून निघत, आणि कणी पुष्कळ होई.

संस्कृत शिकतांना मीमांसेंतील एक प्रसिद्ध वाद आमच्या वांट्यास आला होता. यज्ञासाठीं व्रीहि कांडावे, असा विधि आहे. तूसच काढावयाचें तर तें नखांनींही निघेल. मग कांडण्याचाच आग्रह कां? मीमांसकांचें उत्तर असें, कीं कांडण्याचा नियम पाळल्यानें दृष्ट फळाबरोबर एक अदृष्ट फळही मिळतें. तारुण्यांत आम्ही ह्या वादास हंसलों होतों. पुढें वाचनांत आलें, कीं आयकमन ह्या डच वैद्यास जावा बेटांत असें आढळलें, कीं घांसून पांढरा केलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांच्या पायांतील शक्ति जाते, आणि कोंडा घातला म्हणजे त्या बऱ्या होतात. बेरीबेरीच्या रोगाचा माग त्यावरून लागला, आणि १९२९ सालीं त्याचा नोबेल पारितोषिकानें गौरव झाला. १९३४ सालीं वर्ध्यास स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघानें हातसडीच्या तांदळाचा पुरस्कार केला, तो उगाच नव्हे. कोंड्यांतील सत्त्व डोळ्यांस दिसत नव्हतें इतकेंच.

आमच्या आत्याबाई बालविधवा. जन्म माहेरींच गेला. स्वयंपाक व सोवळें सांभाळून परसांतल्या उखळावर त्या पांचसहा घरांचें कांडप करीत. अक्षता म्हणजे न मोडलेले तांदूळ. मंगलकार्यास व श्राद्धपक्षास त्या घरीं गिरणीचा तांदूळ चालत नसे. मिळालेले पैसे आत्याबाई एका जुन्या डब्यांत ठेवीत. आमचे वडील त्याच गिरणींत कारकून होते. बहिणीचे श्रम त्यांस पाहवत नसत. आम्ही दहा वर्षांचे असूं, तेव्हां त्यांनीं त्या घरीं आमच्याच हातीं निरोप पाठविला, कीं यापुढें भात गिरणींत पाठवावें, कणी वेगळी काढून देण्याची व्यवस्था होईल. आम्हीं घरोघर मोठ्या डौलानें तो निरोप सांगितला. आत्याबाईंस कोणी विचारलें नाहीं.

महिन्याभरानें त्यांनीं आम्हांस विचारलें, “हल्लीं कोणाकडूनच भात येत नाहीं. माझें कांहीं चुकलें का रे?” आम्हीं फुशारकीनें सगळें सांगितलें आणि वर म्हटलें, “आत्या, तुझें आठवड्याचें काम गिरण घटकेंत करते. आतां तूं स्वस्थ बैस.” त्या कांहीं वेळ उखळाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “खरेंच रे, कष्ट गेले. पण आतां धाविराच्या पालखीला तुला दोन आणे द्यायचे, तर ते तुझ्या बापाकडेच मागावे लागतील.”

वडिलांनीं केलें तें मायेनेंच केलें. त्या गिरणीच्या पगारावरच आम्ही मॅट्रिक झालों. परंतु त्या माउलीचें स्वतःचें असें जें एवढेंच होतें, तें आम्हीं सुखाच्या नांवाखालीं काढून घेतलें. तिच्या कांडण्याचें अदृष्ट फळ आम्हांस दिसलें नव्हतें. पुढें पंधरा वर्षें त्या जगल्या. त्यांनीं तो विषय पुन्हां काढला नाहीं, आणि आम्हांसही धीर झाला नाहीं.

गिरणही राहिली नाहीं. १९५८ च्या कायद्यानें परवान्याचें बंधन आलेंच होतें. पुढें रबरी रुळांचीं यंत्रें आलीं, त्यांत कणी कमी पडते. मालमोटारी व आगगाडी आल्यावर नदीचा व्यापार सुटला. धाटावास कारखाने उभे राहिले व शेतकऱ्यांचीं मुलें तिकडे गेलीं. एके वर्षीं इंजिन बंद पडलें तें पुन्हां सुरू झालें नाहीं.

उखळ अजून आमच्या परसांत आहे. दुसऱ्या दिवशीं नातवानें त्यांत मूठभर भात घालून मुसळ उचलून पाहिलें. चार घावांतच तो दमला. “आजोबा, हें रोज कोण करीत असे?” त्याने विचारलें. आम्हीं त्यास आत्याबाईंचें नांव सांगितलें. तें त्यानें पूर्वीं कधीं ऐकलें नव्हतें.

वाचकहो, घरांत कष्ट करणारें कोणी असेल तर त्याचा भार जरूर हलका करावा. परंतु तत्पूर्वीं एकदां त्यास विचारावें, एवढीच आमची विनंती.