पुसलेली सही

सात वर्षांपूर्वींची गोष्ट. मे महिन्यांतील एका बुधवारीं पुण्याच्या जुन्या बाजारांत मी एक जुनें व्याकरण शोधीत हिंडत होतों. व्याकरण मिळालें नाहीं. पण पत्र्याच्या एका फुटक्या डब्यांत, गंजलेलीं कुलपें व चष्म्यांच्या काड्या यांच्याखालीं, चार नोटा एकीस एक चिकटवून केलेली लांब पट्टी सांपडली. तिच्यावर दोन्ही अंगांनीं सह्यांची दाटी होती. विकणारा म्हणाला, "कोणीं तरी लिहून खराब केल्या आहेत, मास्तर. काय द्यायचें तें द्या." मीं दोनशें रुपये दिले. घरीं त्याबद्दल काय ऐकून घ्यावें लागलें, तें येथें सांगण्याचें कारण नाहीं.

अशा नोटेस इंग्रजींत 'शॉर्ट स्नॉर्टर' म्हणतात. हें नांव मद्याच्या अपुऱ्या घोटावरून पडलें आहे, हें शाळेच्या अंकांत मी जरा भीतभीतच लिहीत आहें. अलास्काच्या ओसाड मुलखांत विमानें चालविणाऱ्या वैमानिकांनीं १९२० नंतरच्या दशकांत ही चाल पाडली, असें सांगतात. बरोबर उड्डाण केलेल्यांनीं एकमेकांच्या नोटेवर सही करावी, ती नोट नित्य खिशांत बाळगावी, आणि कोणीं मागितली असतां दाखवितां आली नाहीं, तर एक पेला पाजावा किंवा एक डॉलर दंड द्यावा. दुसऱ्या महायुद्धांत ही चाल सैनिकांबरोबर जगभर गेली. नवा देश लागला कीं तेथील नोट जुनीच्या टोंकाला चिकटवावयाची. पट्टी जितकी लांब, तितका तिच्या धन्याचा मान मोठा. अध्यक्ष रूझवेल्ट यांचे विश्वासू सहकारी हॅरी हॉपकिन्स यांच्याजवळील नोटेवर खुद्द रूझवेल्ट व चर्चिल यांच्या सह्या होत्या.

माझ्या पट्टींत अशीं थोर नांवें नाहींत. पहिली नोट अमेरिकेची, एका डॉलरची. दुसरी आपल्या रिझर्व्ह बँकेची, दोन रुपयांची, सहाव्या जॉर्ज राजाचें चित्र असलेली. तिच्यावर छापलेली सही चिंतामणराव देशमुखांची आहे. महाडजवळच्या नाते गांवीं जन्मलेले हे गृहस्थ ऑगस्ट १९४३ मध्यें या बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. म्हणजे ही नोट त्यानंतरची. त्यांच्या नेटक्या सहीभोंवतीं परदेशी तरुणांनीं आपल्या लेखण्या मनसोक्त चालविल्या आहेत, हें पाहून मला नेहमी मौज वाटते. तिसरी नोट जपान्यांनीं ब्रह्मदेशासाठीं छापलेली. युद्ध संपतांच तिची किंमत कागदाएवढीही उरली नाहीं. चौथी चीनची, सन् यत्-सेन यांचें चित्र असलेली.

हा क्रम पाहिला कीं प्रवास उलगडतो. आसामांतील चाबुआ, जोरहाट अशा तळांवरून हिमालयाच्या पूर्वेकडील डोंगरांवरून चीनमधील कुनमिंगला सामान नेणारीं विमानें १९४२ ते १९४५ या काळांत उडत असत. ब्रह्मदेशचा रस्ता जपान्यांनीं तोडला होता, म्हणून हा आकाशमार्ग. त्या वाटेवर शेंकडों विमानें नष्ट झालीं. कित्येकांचा पत्ता आजही लागलेला नाहीं.

आतां माझी चूक सांगतों. चिनी नोटेच्या कडेला पिवळ्या पडलेल्या चिकटपट्टीखालीं एक सही दिसत होती. पट्टी काढून ती नीट वाचावी, या घाईनें मीं कापसाचा बोळा ओला करून फिरविला. पट्टी सुटली, पण तिच्याबरोबर निळी शाईही पसरली, आणि पाहतां पाहतां नांव नाहींसें झालें. खालीं पेन्सिलीनें लिहिलेले 'चाबुआ, १९४४' एवढेच शब्द राहिले. नांव मीं आधीं वाचलेंही नव्हतें! तो मनुष्य घरीं परतला कीं डोंगरांत राहिला, हें शोधण्याची वाट मीं स्वतःच्या हातानें बंद केली. त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं.

दोन वर्षें मीं ती नोट कोणास दाखविली नाहीं. पुढें नववीच्या वर्गांत युद्धाचा धडा शिकवितांना ती नेली व झालेला प्रकारही सांगितला. एक मुलगी नोट खिडकीशीं घेऊन गेली आणि तिरपी धरून म्हणाली, "सर, शाई गेली, पण टांकाचे ओरखडे आहेत." खरेंच होते! आडव्या उजेडांत पहिलें अक्षर 'आर', मग एक अस्पष्ट वळण, आणि शेवटीं दोन 'एल'. तिनें तीं अक्षरें वहींत उतरून घेतलीं व विचारलें, "यांच्या घरच्यांना ही सही ओळखूं आली असती ना?" मीं मान हालविली. वर्गांत बोलणें मला जड गेलें.

त्यानंतर मीं आणखी पांच नोटा जमविल्या. आतां पाणी नाहीं, चिकटपट्टी नाहीं, पत्रा बसविणें तर नाहींच. आधीं दोन्ही बाजूंचें छायाचित्र घ्यावयाचें, मग प्रत्येक नोट पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटांत. बनावट सह्याही पुष्कळ येतात. १९४३ सालची म्हणून दाखविलेली एक सही बॉलपेनची निघाली. अमेरिकेच्या बाजारांत तसलीं पेनें १९४५ च्या ऑक्टोबरांत येऊं लागलीं. विकणाऱ्यास हें सांगितलें, तेव्हां त्यानें किंमत निम्मी केली! मीं ती घेतली नाहीं.

पट्टी शिक्षकांच्या खोलींतील कपाटांत आहे. ज्या विद्यार्थ्यांस अगर पालकांस ती पाहावयाची असेल, त्यांनीं शनिवारीं शाळा सुटल्यावर यावें. येतांना हात धुऊन, पण कोरडे करून यावें. ती मुलगी यंदा महाविद्यालयांत आहे. तिची वही मात्र माझ्याकडेच राहिली आहे, आणि 'आर' व दोन 'एल' यांच्या मधली जागा अजून रिकामी आहे.