काट्यावर जाण्याआधी

दसरा जवळ आला की वणीत घरं झाडायला निघतात. गाद्या गच्चीवर जातात, माळ्यावरची पितळी भांडी खाली येतात आणि भांड्यांच्या मागे दडलेली पुस्तकंही येतात. बाकी वस्तूंचं काय करायचं ते घरातल्या बाईला पक्कं ठाऊक असतं. पुस्तकांपाशी मात्र तिचाही हात थांबतो. ठेवायला जागा नाही आणि टाकायला मन होत नाही. पाय लागला तर आपण पुस्तकाला नमस्कार करतो, आणि दुपारी गल्लीत कबाड्याची हाक आली की तीच सरस्वती पोत्यात भरून त्याच्या स्वाधीन करतो. कबाड्याचा काटा मोठा निःपक्षपाती. शब्दकोश असो की दहावीचं गाइड, किलोचा भाव एकच. पुठ्ठ्याची बांधणी दिसली तर तेवढं तो म्हणतो, "काकू, पुठ्ठं काढून द्या न बाप्पा, त्याचा भाव येगळा हाये."

मग ओसरीत बसून कुणीतरी पुठ्ठा ओढतं. पुस्तक जुनं, दोऱ्यानं शिवलेलं असेल तर ते सहजी सुटत नाही. आधी कण्यावरचा कागद फाटतो, आतलं जाळीचं कापड ताणलं जातं, वाळलेल्या सरसाचे पिवळे तुकडे मांडीवर सांडतात आणि मग एकदम सगळं मोकळं होतं. पन्नास-साठ वर्षांपूर्वी कुण्या बुकबाइंडरनं घातलेले टाके इतके घट्ट असतात, की ओढणाऱ्याच्या बोटांवर वळ उठतात.

वणीत हे व्हावं याचं मला जास्त वाईट वाटतं. हे गाव पुस्तकांशी अनोळखी नाही. 1905 सालापर्यंत अख्ख्या जिल्ह्याचं नाव वणीवरून होतं, इंग्रजांच्या दप्तरात 'वूण'. यवतमाळ हे नाव नंतर लागलं. लोकनायक बापूजी अणे 29 ऑगस्ट 1880 रोजी इथेच जन्मले. राजकारण, तुरुंग, बिहारचं राज्यपालपद एवढं सगळं करून या माणसानं उतारवयात लोकमान्यांचं चरित्र संस्कृत श्लोकांत रचलं. त्या 'श्रीतिलकयशोऽर्णवः' ग्रंथाला 1973 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तोही त्यांच्या मागे. लोकमान्य टिळक महाविद्यालयात राम शेवाळकर प्राचार्य होते. पुढे 1994 साली पणजीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवणारा हा वक्ता वणीकरांना घरचा होता. आणि शंभरी कधीचीच ओलांडलेलं नगर वाचनालय गावात आहे. कोळशाच्या ट्रकांनी उडवलेली काळी धूळ दारंखिडक्या लावूनही आत येते, उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो आणि पुस्तकाची पानं पापडासारखी कडकडतात. अशा गावात वाचनालय टिकलं, ही लहान गोष्ट नव्हे.

वाचनालय टिकतं ते कशावर? सरकारी अनुदान, सभासदांची वर्गणी आणि चारदोन माणसांची चिकाटी. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 चा. त्यानं वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग दिले आणि वर्गाप्रमाणे अनुदान. ग्रंथालय-कर मात्र त्यानं बसवला नाही. तमिळनाडू, कर्नाटकात घरपट्टीबरोबर ग्रंथालयासाठीही पैसा गोळा होतो, आपल्याकडे होत नाही. मध्यंतरी अनुदान साठ टक्क्यांनी वाढलं, त्याचा आनंदच आहे. पण त्यातूनच पगार, त्यातूनच वीजबिल, त्यातूनच वर्तमानपत्रं आणि त्यातूनच नवी पुस्तकं. गावातल्या ग्रंथपालाला हप्ता कधी येतो विचारा. तो आधी हसतो, मग उत्तर देतो.

म्हणून लोक मदतीला धावतात. आणि मदत म्हणजे काय, तर पुस्तकं आणून देतात! वडिलांची तेरवी आटोपली की मुलं वडिलांचं कपाट ऑटोत घालून वाचनालयाच्या दारात उतरवतात. भावना अगदी स्वच्छ असते. पण ग्रंथपालाच्या जागी उभं राहून पाहा. समोर गोणीभर पुस्तकं. त्यातल्या निम्म्या कादंबऱ्या आधीच कपाटात दोन-दोन प्रतींत आहेत. उरलेल्यांत जुने आयकराचे नियम, वीस वर्षांपूर्वीचं संगणकाचं पुस्तक, कसर लागलेली पोथी. दात्याचा मुलगा डोळे पुसत उभा आहे. 'नको' कसं म्हणायचं?

आणि एकदा 'हो' म्हटलं की परतीची वाट नाही. पुस्तकावर वाचनालयाचा शिक्का उमटतो. मुखपृष्ठाच्या आत, शीर्षकपानावर आणि प्रत्येक वाचनालयानं आपापलं ठरवलेल्या एका आतल्या पानावरही, म्हणजे कुणी पहिली पानं फाडली तरी चोरी पकडता यावी. नोंदवहीत दाखल क्रमांक पडतो. त्या घडीपासून ते पुस्तक संस्थेची मालमत्ता. ते बाद करायचं तर यादी, समितीचा ठराव, मंजुरी, सगळे सोपस्कार. त्यामुळे कुणी कधी हात न लावलेलं पुस्तक मोजणीत वर्षानुवर्षं 'आहे' म्हणून टिकतं आणि नव्याची जागा अडवतं.

माझं म्हणणं सोपं आहे. दान आलेल्या पुस्तकावर क्रमांक पडण्याआधी ते निवडा. वाचनालयाला हवं ते ठेवा. उरलेलं गावातल्या गावात स्वस्तात विका आणि आलेल्या पैशातून वाचकांनी मागितलेली नवी पुस्तकं घ्या. हे काम ग्रंथपालाच्या डोक्यावर टाकायचं नाही. त्यासाठी गावानं चार माणसं द्यायची.

जगात हे जुनंच आहे. न्यूयॉर्क राज्यात इथाका नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. तिथल्या टॉम्पकिन्स काउंटी वाचनालयाचं मित्रमंडळ वर्षातून दोनदा, मे आणि ऑक्टोबरात, जुन्या पुस्तकांची विक्री भरवतं. पुस्तकं लोकांनी दिलेली. निवडणारे, मांडणारे, पैसे घेणारे सगळे बिनपगारी, त्यांत पिकल्या केसांचेही बरेच. पहिल्या दिवशी भाव सगळ्यात चढा असतो आणि मग रोज उतरत जातो. ज्याला हवंच आहे तो पहिल्या दिवशी रांगेत उभा राहतो, ज्याला धीर आहे तो शेवटी येतो. आपल्याकडे डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीनं पुस्तकांच्या देवाणघेवाणीचं प्रदर्शन भरवून दाखवलं: आपलं वाचून झालेलं आणा, दुसऱ्याचं घेऊन जा. तिथे अनेक दिवस लोकांची रीघ लागते. डोंबिवली मोठी, मान्य. पण वाचून झालेल्या पुस्तकाचं काय करायचं, हा प्रश्न वणीत काही वेगळा नाही.

"पुस्तकं विकायची? वाचनालयानं?" असं तोंड वाकडं करणारे भेटतील. मला तर फुकट वाटलेल्या पुस्तकाचीच धास्ती वाटते. लग्नात पाहुण्यांना पुस्तकं वाटायची टूम मधे आली होती. त्यातली कितीतरी घराघरांत टीव्हीखाली कोरी पडली आहेत. वीस रुपये मोजून, चार पुस्तकं खालीवर करून घेतलेलं पुस्तक माणूस निदान घरी नेऊन उघडतो. किलोनं विकण्याला मात्र माझा विरोध आहे. शहरांतून अशी प्रदर्शनं लागतात आणि गर्दीही होते, ठाऊक आहे. पण वजनच करायचं तर कबाडी काय वाईट होता? त्याचा काटा तरी खरा असतो.

खरी मजा निवडण्यात आहे. ओळखीच्या दोन-तीन घरची कपाटं मोकळी करायला मी मदतीला बसलो आहे. तासाभरात हात काळे होतात, शिंका सुरू होतात आणि चहा गार होतो, कारण दर दहा मिनिटांनी कुणीतरी एखादं पुस्तक उघडून तिथेच वाचत बसतं. एका अनुवादित कादंबरीत खूण म्हणून घातलेली जिनिंगमधली कापसाची काटापावती निघाली. क्विंटल, किलो, भाव, सगळं बॉलपेननं लिहिलेलं, आणि पावती दोनशेव्या पानाच्या आसपास. कापूस विकून आलेल्या त्या माणसानं पुढची पानं वाचली की नाही, कोण जाणे. पहिल्या पानांवर तर गावाचा इतिहास असतो. 'वर्ग चौथा, हस्ताक्षर स्पर्धा, प्रथम क्रमांक.' 'चि. सौ. कां. हिला विवाहप्रसंगी, मामाकडून.' अशी पानं कापून काढा असं काहीजण सुचवतात. मी म्हणतो, राहू द्या. दिवाळीला पुण्याहून, हैदराबादहून घरी आलेल्या एखाद्याला आपल्याच मावशीचं नाव सापडेल आणि तो काही न बोलता पैसे काढील.

निवडणाऱ्याला एक गोष्ट पक्की कळली पाहिजे: काय विकायचं नाही. खपणारी कादंबरी खुशाल विका, ती पुन्हा छापली जाते. पण यवतमाळ जिल्ह्याचं 1908 चं गॅझेटिअर हाती लागलं तर ते कुणाला दाखवूही नका, सरळ आत न्या. अण्यांचा संस्कृत ग्रंथ वणीत कुणी विकत घेणार नाही, हे मी लिहून देतो. आणि म्हणूनच तो वणीच्या वाचनालयात असायला हवा. शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, कॉलेजची वार्षिकं, रंगनाथस्वामींच्या यात्रेची छापील पत्रकं, सहकारी जिनिंगचे अहवाल, गावातल्या कवीनं स्वखर्चानं छापलेला संग्रह. बाजारात यांना कवडीची किंमत नाही. पण पन्नास वर्षांनी वणीवर कुणी लिहायला बसला तर त्याला हेच लागेल. तेव्हा निवडायच्या टेबलाशी गावातला एक जुना शिक्षक हवाच, फोटोतले चेहरे ओळखणारा.

गिऱ्हाईक कोण, असं विचाराल. सगळ्यात आधी येतील अभ्यासिकेतली पोरं. पोलीस भरती, तलाठी, राज्यसेवा करणाऱ्या मुलामुलींना व्याकरण, भूगोल, राज्यघटना यांची पुस्तकं निम्म्या किमतीत मिळाली तर हवीच असतात. मागच्या सालच्या चालू घडामोडी मात्र त्यांच्या माथी मारू नका, तेवढी रद्दीच. मग वेकोलि या कोळसा कंपनीच्या कॉलन्यांतली घरं. बदली झाली की तिथून हिंदी, तेलुगू, बंगाली पुस्तकांची खोकी निघतात आणि नव्यानं आलेल्याला तीच हवी असतात. या भाषांसाठी एक टेबल वेगळं लावलं तर कोपऱ्यात उभं राहून वाचणारा एखादा खाणकामगार दिसेलच. दुपारी मंडळाच्या बायका येतील आणि भाव पाडतील. पाडू द्या. दिवाळी अंकांचा ढीग त्यांच्यासाठीच ठेवायचा. 1909 साली काशिनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'नं सुरू केलेली ही चाल मराठी घरात आजही चालू आहे, पण अंक ठेवायला घरं लहान झाली. जुना अंक दहा रुपयांत मिळाला तर प्रवासाला उपयोगी.

वेळ दिवाळीनंतरच्या आठवड्याची. पुस्तकं दसऱ्याच्या साफसफाईत निघतात, म्हणजे गोळा करायला तीनेक आठवडे मिळतात. आणि बाहेरगावी गेलेली मुलं दिवाळीला गावात असतात. खर्च काय, दोन ताडपत्र्या आणि मागून आणलेली टेबलं. कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेतली मुलं गठ्ठे उचलतील. पैशांचा हिशेब मात्र त्याच संध्याकाळी वाचनालयाच्या फळ्यावर खडूनं लिहायचा, किती आले आणि त्यातून कोणती पुस्तकं मागवली ते नावानिशी. याबाबतीत मी हट्टी आहे. गावात चांगल्या कामांना माणसं कमी पडत नाहीत, हिशेब न दिसल्यानं ती गळतात.

तेव्हा वणीकरांनो, यंदा माळा उतरवाल तेव्हा पुस्तकांची पोती बांधून ठेवा आणि कबाड्याला हाक मारण्याआधी वाचनालयात एक चक्कर टाका. ग्रंथपालांना विचारा, निवडायला बसू का? एवढ्यासाठी रविवारची एक सकाळ द्या. आणि पोत्यात स्मरणिका असतील तर त्या वर ठेवा, खाली दाबू नका.