न दिसणारा गवई

जुन्या घरात नवी वस्तू आली म्हणजे तिच्या किमतीपेक्षा तिच्या जागेचाच प्रश्न अधिक बिकट होऊन बसतो. आमच्या कोकणातील घरी वीज आली तेव्हा तारा तुळयांच्या मागल्या अंगाने नेण्यात आल्या आणि बटणांची पाटी माजघराच्या दाराआड बसली. उजेड सर्वांस हवा होता. तार मात्र कोणाच्याही दृष्टीस पडावयास नको होती. यात दांभिकपणा आहे असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. नवे घ्यावयाचे तर उजळ माथ्याने घ्यावे, लपविता कशाला, असा त्यांचा सवाल असतो. गेल्या वर्षी आमच्या भांडुपच्या घरी हाच वाद एका मोटारगाडीवरून उपस्थित झाला, आणि त्याचा निकाल ज्या रीतीने लागला ती रीत वाचकांपुढे ठेवावी असे मला वाटते.

आमचे चुलते तात्या यांच्यापाशी एम. जी. जातीची टी. डी. नावाची दोन आसनांची उघडी गाडी आहे. इंग्लंडात ॲबिंग्डन येथील कारखान्यात 1950 ते 1953 या काळात अशा सुमारे तीस हजार गाड्या तयार झाल्या. इंजिन अवघे 1250 घनसेंटीमीटरचे. अंगाचा सांगाडा लाकडाचा व त्यावर पत्रा. दारांच्या बिजागऱ्या मागील बाजूस. आणि छप्पर कापडाचे, तेही बहुधा मिटलेलेच. तात्यांनी ही गाडी 1978 साली दादरच्या एका पारशी गृहस्थांकडून घेतली व आपल्या हातांनी दुरुस्त केली. तिच्याइतकाच त्यांना भांडुपचाही अभिमान आहे. मुंबईहून ठाणे-कल्याणकडे आगगाडी न्यावी ही कल्पना सरकारचे मुख्य अभियंते जॉर्ज क्लार्क यांस 1843 साली भांडुपास आले असता सुचली, असे इतिहासात नमूद आहे. तेव्हा चाकांविषयी बोलण्याचा अधिकार भांडुपकरांस जन्मतःच प्राप्त होतो, असे तात्या पाहुण्यांस हसत हसत बजावीत असतात.

रविवारी पहाटे रस्ते मोकळे असताना काकूंना घेऊन पवईच्या तलावापर्यंत फेरी मारावयाची, हा तात्यांचा कित्येक वर्षांचा नेम. परंतु मधुमेहाने काकूंची दृष्टी हळूहळू मंदावत गेली आणि दोन वर्षांपूर्वी उजेड व अंधार यांपलीकडे त्यांस काही दिसेनासे झाले. तरीही फेरी चुकली नाही. एके दिवशी परत आल्यावर त्या सहज म्हणाल्या, "डोंगर गेला, तलाव गेला, आता मला वारा तेवढा उरला आहे. त्याच्या जोडीला हिराबाई असत्या तर किती बरे झाले असते!" हिराबाई बडोदेकरांच्या गाण्यावर काकूंची लहानपणापासून भक्ती. त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर मुळीच नव्हता. म्हणूनच कदाचित ते आमच्या चिरंजीवांच्या मनास फार लागले. तो विद्युत अभियंता आहे. संध्याकाळच्या चहाच्या वेळी त्याने गाडीत स्पीकर बसविण्याची गोष्ट काढली.

तात्यांचा चहा निवून गेला. "माझ्या गाडीला एकही भोक पडणार नाही," ते म्हणाले. "आणि तिला तिचे स्वतःचे गाणे आहे."

"तात्याआजोबा, ते गाणे तुम्हांला ऐकू येते. आजींना त्यात नुसती घरघर ऐकू येत असेल तर?"

या प्रश्नावर घरात थोडा वेळ कोणीच बोलले नाही. चिरंजीवांनी मग इतिहासाचा आधार घेतला. मोटारीतील संगीत हे काही कालपरवाचे खूळ नव्हे. अमेरिकेत पॉल गॅल्विन नावाच्या उद्योजकाने 1930 साली मोटारीत बसेल असा रेडिओ तयार केला आणि मोटार व व्हिक्ट्रोला या शब्दांची सांगड घालून त्यास मोटोरोला हे नाव दिले. त्याच्याही आधी, 23 जुलै 1927 रोजी, मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले होते. म्हणजे तात्यांची गाडी जन्मास आली तेव्हा तिच्या बहिणी गाणी ऐकत हिंडत होत्या! तात्यांनी हे सर्व शांतपणे ऐकून घेतले व म्हणाले, "असतील. ही हिंडत नव्हती." त्यांचे म्हणणेही वावगे नव्हते. जुन्या गाडीचे मोल तिच्या मूळ रूपात असते. लाकडाला पाडलेले छिद्र कितीही सफाईने बुजविले तरी ते छिद्र पडून गेलेले असतेच.

अखेर काकूंनीच तोड काढली. "बसवायचे ते असे बसव," त्या म्हणाल्या, "की उद्या काढून ठेवले तर गाडीला कळूसुद्धा नये." या एका वाक्याने कामाची सारी दिशा ठरली.

आता जागेचा शोध सुरू झाला. दारे पातळ, त्यांत स्पीकर बसवावा तर पत्रा कापावा लागणार. पुढल्या फळीवर घड्याळांच्या शेजारी बसवावा तर तो प्रथमदर्शनीच डोळ्यांत खुपणार. पायांपाशी दोन्ही बाजूंस जागा होती. परंतु उंच स्वर दिव्याच्या झोताप्रमाणे सरळ जातात, ज्या दिशेस तोंड असेल तिकडेच अधिक पोहोचतात. तेथे स्पीकर बसविला असता हिराबाईंचे गाणे प्रामुख्याने काकूंच्या चपलांस ऐकू गेले असते! राहता राहिली आसनांच्या पाठीमागची सामान ठेवण्याची अरुंद जागा. तेथून स्पीकरचे तोंड थोडे वर व पुढे केले की सूर थेट कानापाशी येतो, आणि बाहेरून पाहणाऱ्यास काही दिसत नाही.

तेथे बसेल अशी एक लाकडी पेटी चिरंजीवांनी सुताराकडून करून घेतली. पेटी लागतेच, कारण स्पीकरचा शंकू पुढे हवा ढकलतो त्याच क्षणी मागची हवा ओढतो. ही दोन आंदोलने मोकळी सोडली तर एकमेकींत मिसळतात आणि खालचे सूर नाहीसे होतात. मागील आंदोलन बंद पेटीत कोंडले म्हणजे पुढील आंदोलन सुखाने बाहेर पडते. मुंबईच्या दमट हवेत कागदाचा शंकू मऊ पडतो, म्हणून प्लॅस्टिकच्या शंकूचे चार इंची दोन स्पीकर आणले. पेटीस आसनांच्याच रंगाचे रेक्झिन लावले आणि तोंडावर विरळ विणीचे कापड ताणले. कापड ओठांशी धरून फुंकर आरपार जाते की नाही एवढे पाहावे. फुंकर गेली तर सूरही जातो. ही परीक्षा घरातल्या मुलांनी घेतली, आणि त्यात एक वार कापड ओले झाले.

खरी अडचण विजेची होती. आजच्या मोटारींत बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या सांगाड्यास जोडलेले असते. त्या काळच्या अनेक इंग्रजी गाड्यांत मात्र धन टोक सांगाड्यास जोडीत. तात्यांची गाडीही त्याच पंथाची. आजचा ॲम्प्लिफायर नेहमीच्या रीतीने तीत जोडला आणि त्याच्या धातूच्या अंगाचा सांगाड्यास स्पर्श झाला, तर क्षणात सारे जळून जावयाचे. टोके बदलून घेता येतात. परंतु मग डायनॅमोपासून सर्व जोडण्या तपासाव्या लागतात, आणि तात्यांना ते कदापि रुचले नसते. चिरंजीवांनी पेटीतच एक लहान स्वतंत्र बॅटरी ठेवली. ती घरी भरून घ्यावयाची. गाणे खिशातील फोनवरून बिनतारी येते. गाडीच्या एकाही तारेस त्याने हात लावला नाही. पेटी जागच्या जागी राहावी म्हणून कातडी पट्टे लावले. स्क्रू एकही नाही.

एवढ्याशा पेटीतून उघड्या गाडीत ऐकू काय येणार, अशी मला शंका होती. तिचेही उत्तर मिळाले. वाऱ्याची घोंघों बहुतेक खालच्या सुरांची असते आणि ती खालच्याच सुरांस गिळते. 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांत तसले खोल सूर मुळातच फारसे नाहीत. एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचे गाणे, आणि त्यात मुख्य म्हणजे गळा. जे वाऱ्याने न्यावे ते त्या तबकडीने कधी दिलेलेच नव्हते. काकूंची आवड आणि पेटीची ऐपत यांचा असा मेळ बसला.

पहिल्या रविवारी निघण्यापूर्वी तात्यांनी विजेरी घेऊन आसनांची मागची बाजू तपासली. पट्टे सोडून पेटी बाहेर काढली, खालच्या लाकडावरून बोटे फिरविली आणि काही न बोलता ती पुन्हा जागेवर ठेवली. परत आल्यावर काकूंनी सांगितले, ते असे. महामार्गावर गाडीने नेहमीचा वेग घेतला तेव्हा गाणे विरून गेले. "जरा सावकाश घ्या," असे त्या म्हणाल्या, आणि तात्यांनी घेतली. ज्या माणसाने सत्तेचाळीस वर्षांत गाडीच्या वेगाविषयी कोणाचे ऐकले नव्हते, तो हल्ली पहाटेच्या रिकाम्या रस्त्याने ताशी तीस किलोमीटरने जातो. पूर्वी पाऊण तासात होणाऱ्या फेरीस आता सव्वा तास लागतो. तात्या याचा दोष रस्त्यातील खड्ड्यांस देतात.

मला वाटते, लपविणे आणि आदब राखणे यांत अंतर आहे. जो दुसऱ्यास फसविण्यासाठी झाकतो तो लपवितो. जो आपल्याहून वडील असलेल्या वस्तूपुढे आपले अंग चोरून बसतो, तो आदब राखतो. ही पेटी आम्ही कोणापासूनही चोरून ठेवलेली नाही. विचारणाऱ्यास तात्या स्वतः पट्टा सोडून ती दाखवितात. परंतु न विचारणाऱ्यास ती दिसत नाही. वडिलार्जित वस्तूत आपल्या काळाची भर घालू नये असे नाही. काकूंसारखी गरज दाराशी उभी असताना नुसते मूळ रूप सांभाळीत बसणे हा कोरडेपणाच झाला असता. मात्र ती भर पुढच्या माणसाला न मोडता उचलता आली पाहिजे. ही गाडी उद्या कोणाच्या हाती जाईल आणि त्यास काय ऐकावेसे वाटेल हे आज आम्ही कसे सांगावे? कदाचित त्यास इंजिनाचेच गाणे आवडेल. त्याने चार पट्टे सोडावे, पेटी खाली ठेवावी, आणि खुशाल निघावे.